महापालिकेत 'युवक' नावाचं टेबल नेमकं कुठल्या मजल्यावर असतं?

गिरणगावचा_पोरगा | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. मोबाईलवरून टंकतोय, चुभूद्याघ्या.

आमच्या इथे (वॉर्डचं नाव घेत नाही, उद्या परत त्याच ऑफिसात जायचंय) आम्ही चार-पाच जण मिळून संध्याकाळी पोरांची कबड्डी घेतो. १३ ते १९ वयाची तीसेक पोरं. चाळ पाडली तेव्हा अंगण गेलं, आता अर्धी ट्रान्झिट कॅम्पमध्ये आणि अर्धी नातेवाइकांकडे. आणि समोरच महापालिकेची शाळा. संध्याकाळी सहानंतर तिचं पटांगण रिकामं, फाटकाला कुलूप. पोरं बाहेर फुटपाथवर पार्क केलेल्या बाइकांच्या मधे उड्या मारतायत आणि आत एक मांजर फिरतंय. ते पटांगण आठवड्यातून तीन दिवस दोन तास मिळावं, बस एवढंच मागणं.

मुख्याध्यापिका बाई चांगल्या आहेत, म्हणाल्या माझी काहीच हरकत नाही पण माझ्या हातात नाही, शिक्षण खात्याचं पत्र आणा. शिक्षणवाले म्हणाले मैदान आहे ना, मग उद्यान विभाग. उद्यानवाल्यांनी नकाशा उघडून दाखवला, शाळेच्या कंपाउंडच्या आत आमचं एक झाडसुद्धा नाही. मग समाज विकास अधिकारी, त्या मॅडमनी बसवलं, चहा पाजला, बचत गट, शिलाई मशीन, घरघंटी सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाल्या, मुलग्यांसाठी आमच्याकडे काही येत नाही हो. मग परिरक्षण, म्हणजे वॉर्डचं देखभाल-दुरुस्ती खातं. तिथला पहिला प्रश्न, मंडप किती बाय किती? अहो मंडप नाही, चुन्याची रेघ मारायचीय फक्त. मग किती दिवसांचा कार्यक्रम? म्हटलं कार्यक्रम नाहीच, रोजचं आहे. रोजचं म्हटल्यावर त्यांच्याकडे फॉर्मच नव्हता.

चौथ्या दिवशी आवक खिडकीवर पत्र दिलं. क्लार्कने विचारलं, विषय काय टाकू? मी म्हटलं युवक. त्याने स्क्रीनवरची यादी वरखाली केली, परत वर, परत खाली, आणि 'इतर' टाकलं.

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. मुंबईएवढ्या मोठ्या शहरात तरुण पोरांचं बघणारा कोणी अधिकारी आहे का, आणि असला तर त्याचं काम नक्की काय असायला पाहिजे?

---

खडूस_मुलुंडकर | सोमवार, रात्री ११:५८

आहे की. निवडणुकीच्या आधी दोन महिने प्रत्येक नाक्यावर असतो. फ्लेक्सवर हात जोडून.

---

टिपणी_सादर | मंगळवार, सकाळी ७:०५

महापालिकेत ३१ वर्षं काढली, निवृत्त होऊन सहा झाली, तेव्हा थोडं लिहितो. सकाळचा चहा होईपर्यंत वेळ आहे.

पहिलं म्हणजे तुम्हाला कोणी टोलवत नव्हतं, म्हणजे टोलवत होते पण खोटं बोलत नव्हते. मुंबईची महापालिका चालते १८८८ च्या कायद्यावर. त्यात कलम ६१ म्हणजे करायलाच हवीत अशी कामं, पाणी, मलनिस्सारण, कचरा, दिवाबत्ती, प्राथमिक शिक्षण वगैरे. कलम ६३ म्हणजे मर्जी असली तर करा अशी. क्रीडा हा विषय घटनेच्या राज्य सूचीत, म्हणजे राज्य सरकारचा, त्यांचं क्रीडा व युवक सेवा संचालनालय पुण्याला आणि मुंबईत दोन जिल्हा क्रीडा अधिकारी, एक शहर एक उपनगर. ७४ वी घटनादुरुस्ती आली, बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय दिले, त्यात उद्यानं आहेत, खेळाची मैदानं आहेत, सांस्कृतिक आणि शैक्षणिक बाबींना उत्तेजन आहे. मैदान आहे पण मैदानावर खेळणारा पोरगा नाही. मैदानाला विभाग मिळाला, पोराला नाही.

आता तुमच्या शाळेचं बघा. इमारतीत भरणारी शाळा शिक्षण विभागाची. इमारतीची दुरुस्ती शाळा पायाभूत सुविधा कक्षाकडे. फाटकावरचा माणूस सुरक्षा खात्याचा नाहीतर कंत्राटदाराचा. बाहेरचं मैदान असतं तर उद्यान विभाग. परवानगी वॉर्डच्या सहायक आयुक्तांकडून. म्हणजे एका कुलपाला चार-पाच मालक, आणि त्यातल्या कोणाच्याच कामाच्या यादीत संध्याकाळी सात ते नऊ हे दोन तास लिहिलेले नाहीत.

आणि खरं कारण सांगू का, जे नस्तीत (म्हणजे फायलीत) कोणी लिहीत नाही? पोराचा पाय मोडला तर फाईल कोणाच्या टेबलावर येणार. ज्याची सही त्याच्या. मी स्वतः अशा दोन प्रस्तावांवर 'चर्चा करावी' असं लिहून परत पाठवलेत. तेव्हा वाईट वाटलं नाही. आता नातू तेरा वर्षांचा झाला तेव्हा जरा वाटायला लागलं.

---

वडाळ्याची_ताई | मंगळवार, सकाळी ९:२०

टिपणीकाका, शेवटचं वाक्य प्रामाणिक आहे म्हणून माफ.

अजून एक बघा. महापालिकेच्या बहुतेक शाळा दहावीपर्यंतच्या आतल्या. त्यानंतर ते मूल महापालिकेच्या दप्तरातून गायब. अठराला मतदार म्हणून परत उगवतं. मधली जी तीन वर्षं आहेत ना, पंधरा ते अठरा, त्याच वयात पोरं बिघडतात किंवा घडतात, आणि तेव्हाच ती कोणाच्या रजिस्टरमध्ये नसतात. बरं युवक म्हणजे कोण यावर पण एकमत नाही. २००३ च्या राष्ट्रीय युवा धोरणात १३ ते ३५, २०१४ च्या धोरणात १५ ते २९. म्हणजे माझा धाकटा भाऊ एका धोरणात युवक आणि दुसऱ्यात काका.

---

क्वीन्सकर | मंगळवार, सकाळी १०:४५

मूळ दादरचा, सध्या मुक्काम न्यूयॉर्क. इथे असं खातं आहे म्हणून माहिती देतो, कौतुक करायला नाही.

खात्याचं नाव डीवायसीडी, म्हणजे युवक आणि वस्ती विकास खातं. शहर सरकारचं. १९९६ साली दोन जुनी ऑफिसं एकत्र करून केलं. यातली मजा म्हणजे हे खातं स्वतः पोरांना फारसं काही शिकवत नाही. ते पैसे देतं, करार करतं आणि तपासणी करतं. प्रत्यक्ष काम वस्तीतल्या संस्था करतात. शाळा सुटल्यावरचे वर्ग, बेघर किंवा घर सोडून आलेल्या पोरांसाठी निवारा आणि उन्हाळ्यातल्या नोकऱ्या. ही उन्हाळी नोकऱ्यांची योजना १९६३ पासून चालू आहे, १४ ते २४ वयाची मुलं, जुलै-ऑगस्टमध्ये सहा आठवडे काम आणि पगार मुख्यतः सरकारी तिजोरीतून. हल्ली जागा लाखाच्या घरात गेल्यात तरी अर्ज त्याहून जास्त, म्हणून बराचसा भाग लॉटरीवर.

धागाकर्त्याच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली गोष्ट म्हणजे 'बीकन'. १९९१ मध्ये सुरू झालं. पब्लिक शाळेचीच इमारत, शाळा सुटल्यावर, संध्याकाळी, शनिवार-रविवार वस्तीसाठी उघडी. आधी दहा शाळांपासून सुरुवात. आमच्या घराजवळ एक आहे, बास्केटबॉल, गृहपाठ, आणि कोपऱ्यात आज्या इंग्रजी शिकतायत. शाळा उशिरापर्यंत उघडी ठेवायला इथेही परवानगीचा वेगळा कागद लागतोच. पण तो कागद कोणाकडे मागायचा हे ठरलेलं आहे, रोज नवीन दार ठोठवायला लागत नाही.

आणि हो, संस्थांना कराराचे पैसे उशिरा मिळतात ही इथेही पेपरमधली नेहमीची ओरड आहे. तेव्हा स्वर्ग नाही.

---

चुनाभट्टी_एक्सप्रेस | मंगळवार, सकाळी ११:१०

आलं, न्यूयॉर्क आलं. अजून सिंगापूर यायचंय, मग धागा शंभरी गाठणार.

एक साधं सांगा, पैसे नाहीत का आपल्याकडे? २०२५-२६ चं महापालिकेचं बजेट ७४,४२७ कोटींचं होतं. काही राज्यांपेक्षा मोठं. त्यातून एक शाळेचं फाटक दोन तास उघडायला किती लागतील, एका वॉचमनचा दोन तासांचा ओव्हरटाइम आणि दोन ट्यूबलाइट?

---

टिपणी_सादर | मंगळवार, दुपारी १२:३०

@चुनाभट्टी, पैसे हा प्रश्नच नाही. लेखाशीर्ष, म्हणजे बजेटमध्ये खर्च कोणत्या नावाखाली टाकायचा, हा प्रश्न आहे. ज्या खर्चाला डोकं नाही त्याला टोपी कशी घालणार. दोन कोटींचं काम काढा, निविदा निघेल, होऊन जाईल. दोन ट्यूबलाइटचं बिल कोणत्या शीर्षाखाली टाकायचं यावर तीन महिने जातील.

---

राणी_रेडर | मंगळवार, दुपारी १:१५

कबड्डी वाचलं आणि लॉगिन केलं. मी अकरा वर्षं खेळलेय, आता मुलींना शिकवते, पूर्व उपनगरात.

गिरणगाव, तुझ्या तीस पोरांत मुली किती? खरं सांग. आमच्याकडे मैदान आहे, म्हणजे कागदावर सगळ्यांचं. पाच ते सात क्रिकेटवाले. सातनंतर मोठी पोरं नेट बांधतात, दिवे लावतात. मुली कुठे? कठड्यावर. बसून बघतात. मी गेल्या वर्षी एक दिवस सरळ मधे जाऊन चुन्याने पट्टी आखली, दोन पोरं हसली, एक म्हणाला ताई इथे आमचा पिच आहे. पिच! त्याचा बाप जसा सातबारा घेऊन बसलाय. मग आठ दिवस रोज साडेपाचला जाऊन आधी पट्टी आखायची, मग मुलींना बोलवायचं. नवव्या दिवशी त्याच पोराने चुना आणून दिला.

पण आठ दिवस रोज साडेपाचला जायला माझ्याकडे वेळ होता, सगळ्यांकडे नसतो. मला विचाराल तर ऑफिसने फक्त वेळापत्रक लावावं. फाटकावर बोर्ड, सोम-बुध-शुक्र पाच ते सात मुली, आणि खाली एक फोन नंबर जो उचलला जातो. आणि टॉयलेटला कडी. अकॅडमी नको, स्टेडियम नको, टॉयलेटला कडी हवी. माझ्या दोन चांगल्या रेडर त्या एका गोष्टीमुळे सुटल्या.

---

गिरणगावचा_पोरगा | मंगळवार, दुपारी १:४०

@राणी_रेडर चार. तीसमध्ये चार. आणि त्यातल्या दोन आमच्याच बहिणी. 🙈

---

राणी_रेडर | मंगळवार, दुपारी १:४२

वाटलंच.

---

थर_सातवा | मंगळवार, दुपारी ३:२५

आमच्या गोविंदा पथकाचा अनुभव टाकतो. जून ते दहीहंडी आम्हाला सगळे ओळखतात. टी-शर्ट येतात, ट्रक येतात, विम्याचे फॉर्म स्वतःहून घरी येतात. २०१७ ला हायकोर्टात झालं की चौदाखालचा पोरगा थरावर नको, तेव्हापासून आधार कार्ड बघूनच वर चढवतो, तेवढी शिस्त आली. पण हंडी फुटली की दुसऱ्या दिवसापासून तीच दीडशे पोरं नाक्यावर. दहा महिने. त्यांचं काय करायचं याचं उत्तर ना आयोजकाकडे ना वॉर्डकडे. एकाने मला विचारलं होतं, दादा, आपण वर्षभर सरावच करू शकतो का? मी म्हटलं, कुठे? तो गप्प.

---

खडूस_मुलुंडकर | मंगळवार, दुपारी ४:००

जरा उलट बाजू. खातं काढाल तर काय होईल सांगू? उपायुक्त (युवक), त्यांना गाडी, गाडीवर दिवा, एक लोगो, लोगोची स्पर्धा, एक युवा महोत्सव, त्यात तीन तास सत्कार आणि वीस मिनिटं नाच. आमच्या मुलुंडला प्रियदर्शिनी क्रीडा संकुल आहे, कालिदास नाट्यगृह आहे, अंधेरीला शहाजीराजे संकुल आहे, ही बृहन्मुंबई क्रीडा व ललित कला प्रतिष्ठानकडे. चांगल्या जागा आहेत, मी स्वतः पोहायला जायचो. पण तिथे सभासद व्हावं लागतं, फी भरावी लागते. ज्याच्या घरात पाचशे रुपये सुटे नाहीत तो पोरगा तिथे जाणार नाही, तो फाटकाबाहेरच राहणार. म्हणून म्हणतो, नवीन इमारत नको, आहे त्याच्या चाव्या द्या.

(माझ्याकडून एवढं सकारात्मक वाक्य या वर्षातलं पहिलंच.)

---

वडाळ्याची_ताई | मंगळवार, दुपारी ४:१५

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

---

बारावी_पास_सध्या | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

सगळे आमच्याबद्दल बोलताहेत म्हणून मी पण बोलतो, वय १९.

मी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत होतो. बारावीवाल्याला महिना ६ हजार, आयटीआय-डिप्लोमा ८, ग्रॅज्युएट १०. आधी सहा महिन्यांची होती. एका सरकारी ऑफिसात लावलं, कुठलं ते नाही सांगत. पहिल्या दिवशी साहेब म्हणाले बस. बसलो. दुसऱ्या दिवशी पण बसलो. मग स्कॅनर आला. पाच महिने जुन्या फायली स्कॅन केल्या, पिना काढायच्या, पान सरळ करायचं, स्कॅन, परत पिन मारायची. पिना काढून काढून अंगठ्याला घट्टा पडला. पैसे आले, नाही असं नाही, घरी भाडं भरलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण कोणी एकदा पण विचारलं नाही की तुला काय यायला लागलं, पुढे काय करणार. शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट दिलं. आता इंटरव्ह्यूला विचारतात काय शिकलास, मी काय सांगू, पिना?

त्यामुळे असं ऑफिस झालं तर त्यात एक माणूस पाहिजे जो सहा महिन्यांत दोन-तीनदा तरी येऊन विचारेल, काय रे, काय चाललंय. बाकी ॲप वगैरे नको, फॉर्म भरून भरून ओटीपी तोंडपाठ झालेत.

---

क्वीन्सकर | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

@बारावी_पास, हे वाचून थांबलो दोन मिनिटं. इथल्या उन्हाळी योजनेत पोरगा दुकानात नाहीतर लायब्ररीत काम करतो, पण त्याला तिथे लावणारी एक संस्था असते आणि तिचा माणूस त्याची खबर ठेवतो. तो सुद्धा कधीकधी नुसता सही घेऊन जातो हे पण खरं. पण निदान पोराला त्याचं नाव माहीत असतं.

---

लोअर_परळ_लोकल | मंगळवार, रात्री ९:००

धागा पार भरकटायच्या आत एक चांगलं उदाहरण. वरळीची अभ्यास गल्ली. पोदार हॉस्पिटलला लागून असलेला शांत रस्ता. बीडीडी चाळींतल्या आणि आसपासच्या खोल्यांत दहा बाय बाराच्या जागेत सात माणसं, तर पोरं रात्री पुस्तकं घेऊन या गल्लीत येऊन दिव्याखाली अभ्यास करायची. आमच्या मामांनी तिथेच फिरत फिरत पाठांतर करून बीकॉम केलं, ते अजून चालतानाच हिशोब करतात, बसून जमत नाही. तिथे काही योजना नव्हती, उद्घाटन नव्हतं, पोरांनीच जागा शोधली. महापालिकेने नंतर येऊन बाकडी, दिवे, रंग असं नीट केलं. मला वाटतं ऑफिसचं काम इतकंच, पोरं आधीच कुठे जमतायत ते बघायचं आणि तिथे दिवा लावायचा.

अवांतर: वरळी बीडीडीच्या पहिल्या ५५६ नव्या घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या. घरं छान आहेत, मी बघून आलो. आता ती पोरं रात्री कुठे बसतात अभ्यासाला हे मात्र बघायचं राहिलं. घरातच, बहुतेक. चांगलंच आहे म्हणा.

---

चुनाभट्टी_एक्सप्रेस | मंगळवार, रात्री ९:३५

आणि टॉवरच्या पोडियमवर बोर्ड, 'येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई'.

---

माजी_कार्यकर्ता | मंगळवार, रात्री १०:१०

सगळे अधिकाऱ्यांना बोलताय, नगरसेवकाला कोणी आठवत नाही. आधी हे काम कसं व्हायचं? मंडळाचा पोरगा शाखेत नाहीतर पक्षाच्या ऑफिसात जायचा, नगरसेवक वॉर्डात फोन लावायचा, दुसऱ्या दिवशी कुलूप उघडं. नियमात बसत होतं का? नव्हतं. पण उघडायचं. अभ्यासिका, व्यायामशाळा, कॅरमचे बोर्ड, सगळं त्याच वाटेने आलंय. मग मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक बसले, त्या काळात पोरांना कळेनाच की जायचं कोणाकडे. २२७ दारं एकदम बंद.

---

वडाळ्याची_ताई | मंगळवार, रात्री १०:३०

@माजी_कार्यकर्ता, बरोबर, पण त्या दाराची फी पण सांगा ना. कुलूप उघडलं की पोराने मोर्चाला यायचं, फ्लेक्सवर फोटोला उभं राहायचं. आमच्या चाळीतल्या अभ्यासिकेत पुस्तकांपेक्षा शुभेच्छांच्या फ्रेमा जास्त होत्या. आणि ज्या मंडळाचं साहेबांशी वाकडं, त्यांच्या मैदानाचं 'दुरुस्तीचं काम' वर्षभर चालायचं. मला म्हणून टेबल हवंय. ज्याच्यासमोर कोणाच्या ओळखीने जावं लागणार नाही असं.

---

माजी_कार्यकर्ता | मंगळवार, रात्री १०:४०

आयडीत 'माजी' उगाच नाही लावलंय ताई.

---

टिपणी_सादर | बुधवार, सकाळी ६:५०

रात्रभर विचार केला, झोप तशीही लागत नाही. गिरणगाव, मोठ्या प्रश्नाचं राहू दे, तुमचं काम कसं करायचं ते सांगतो.

पत्रात 'पटांगण मिळावे' लिहू नका. 'मिळावे' वाचलं की माणूस सावध होतो, वाटतं कायमचं मागतायत. लिहा, शाळेच्या आजी-माजी विद्यार्थ्यांसाठी शाळेच्या वेळेनंतर क्रीडा सराव, तीन महिन्यांसाठी प्रायोगिक तत्त्वावर. 'प्रायोगिक' या शब्दाने निम्म्या सह्या होतात, ३१ वर्षांचा अनुभव आहे. आजी-माजी विद्यार्थी म्हटलं की विषय शिक्षण विभागाचा होतो, 'इतर' राहत नाही. तुमची किती पोरं त्या शाळेची आहेत त्यांची यादी लावा.

दुसरं, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ही समिती आहे, त्यात बहुसंख्य पालकच असतात. तुमच्या पोरांच्या आयांपैकी कोणीतरी नक्की असणार तिच्यात. ठराव आला की मुख्याध्यापिका बाईंच्या पाठीशी कागद आला.

तिसरं, प्रत्येक पोराच्या पालकाचं संमतीपत्र आणि अपघात विमा. हा माझ्यासारख्याच्या भीतीचा इलाज आहे. आणि रोज कुलूप लागेपर्यंत थांबणारा एक मोठा माणूस, नावानिशी.

एवढं करून महिन्यात उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भांडायच्या सुरात नको. एकच ओळ, माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर आजवर काय कार्यवाही झाली. मी तिकडे होतो तेव्हा या एका ओळीला सगळ्यात जास्त घाबरायचो.

आणि मुंबईच्या विकास आराखडा २०३४ मध्ये 'आधार केंद्र व कौशल्य विकास केंद्र' (आधार कार्डाचं नव्हे, आधार देणारं) अशी जागांची आरक्षणं आहेत. तुमच्या भागात एखादा भूखंड तसा दाखवलाय का ते बघून ठेवा. आज उपयोग नाही, पण तुमच्या पोरांची पोरं खेळायच्या वयाला येतील तेव्हा कामाला येईल.

---

खडूस_मुलुंडकर | बुधवार, सकाळी ८:१५

काका, हे तुम्ही नोकरीत असताना बाहेर बोर्डावर लावलं असतंत तर?

---

टिपणी_सादर | बुधवार, सकाळी ८:४०

तर चौकशी लागली असती.

---

राणी_रेडर | बुधवार, सकाळी ९:०५

गिरणगाव, यादी करताना मुलींची वेगळी वेळ पत्रातच टाक. नंतर नाही घालता येत, मी बघितलंय.

---

गिरणगावचा_पोरगा | रविवार, रात्री ९:१५ (पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतोय, अपडेट द्यायचं राहिलं होतं.

काकांनी सांगितलं तसं केलं. यादीत बावीस पोरं त्याच शाळेची निघाली, आम्हालाच माहीत नव्हतं. समितीत आमच्या गोट्याची आईच सदस्य. चार वर्षं नुसती सही करून चहा पिऊन येत होती, यावेळी ठराव तिने स्वतः वाचून दाखवला. 'प्रायोगिक' शब्द जादूचा आहे, मानलं. तरी मधे पंधरा दिवस पत्र कुठेतरी अडकलं होतं, मग १० रुपयांचा अर्ज टाकला आणि तिसऱ्याच दिवशी फोन आला, भाषा एकदम गोड.

परवानगी तीन महिन्यांची. मंगळ, गुरू, शनि. सहा ते सव्वासात मुली, साडेसात ते पावणेनऊ मुलगे. मुलींची वेळ टाकली तर चारच्या अकरा झाल्या. टॉयलेटला कडी आम्हीच बसवली, पासष्ट रुपयांची. दिव्याचं बिल कोणी भरायचं ते अजून ठरलेलं नाही, ती फाईल कुठेतरी फिरतेय, तोपर्यंत दिवे चालू आहेत. पहिल्या दिवशी पाऊस होता, चुना वाहून गेला, तर पोरांनी चपला ओळीत मांडून रेघ केली.

ती समाज विकासवाली मॅडम आठवते? ती एकदा जाता जाता बघून गेली. म्हणाली, तुमचा विषय मी आमच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये कुठे टाकू तेच कळत नाहीये.

---

वडाळ्याची_ताई | रविवार, रात्री ९:२२

वाह!! अभिनंदन. चावी कोणाकडे असते आता?

---

गिरणगावचा_पोरगा | रविवार, रात्री ९:३०

वॉचमनकाकांकडेच. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलंय, पावणेनऊला कुलूप लागणार, आत जो राहील तो सकाळी प्रार्थनेला डायरेक्ट रांगेत.